सीडीएन लावलं, तरी साइट ढिम्मच

साइटचा सर्व्हर एका खंडात, निम्मे वाचक दुसऱ्या. माझ्याकडे पान झटकन उघडायचं, ते मात्र कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसायचे. आधी फोटो बारीक केले, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलले. पण पहिला बाइट यायलाच उशीर, तिथे फोटोंचा काय दोष!

फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असला की जाऊन-येऊन किमान १०० मिलिसेकंद. जोडणी जुळवायला टीसीपीची एक फेरी, ती सुरक्षित करायला टीएलएस १.३ ची एक, मग खुद्द पानाच्या मागणीची. ३०० तिथेच गेले.

म्हणून सीडीएन लावलं, म्हणजे पानाची प्रत वाचकाजवळ ठेवणारं, जगभर पसरलेलं सर्व्हरचं जाळं. काडीचा फरक नाही! ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये हेडर (उत्तरासोबत येणारी माहिती) उघडून पाहिले, तर दर वेळी कॅशसमोर ‘मिस’, म्हणजे सीडीएनकडे साठवलेली प्रत नाहीच. एक जुनं प्लगइन येईल त्याला कुकी (ब्राउझरमध्ये ठेवायची ओळखचिठ्ठी) चिकटवत होतं, त्यामुळे सीडीएन एचटीएमएल साठवतच नव्हतं. (हे शोधण्यात आख्खा रविवार गेला.) प्लगइन काढलं, कॅश-कंट्रोल हेडरमध्ये एस-मॅक्सएज ६०० टाकलं, म्हणजे सीडीएनने प्रत ६०० सेकंद वापरावी. दुसऱ्याच रिफ्रेशला ‘हिट’! लॉगिनची पानं तेवढी आठवणीने वगळली, नाहीतर एकाचं खातं दुसऱ्याला दिसलं असतं.