एचडी टीव्हीवर एसडी कार्यक्रम पाहण्याआधीची तयारी

रिमोट हातात घेण्याआधी थोडा हिशोब करा. एसडी, म्हणजे एचडीच्या आधीच्या साध्या दर्जाच्या, चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. हे भारतासारख्या ५० हर्ट्झच्या प्रदेशांत. ६० हर्ट्झच्या प्रदेशांत उभे ४८०च. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी पडद्याला १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके भरावे लागतात, बरोबर पाचपट. फोरके पडदा असेल तर वीसपट. थोडक्यात, फुल एचडी पडद्यावरच्या दर पाच ठिपक्यांतले चार टीव्ही अंदाजाने भरतो. हा अंदाज बरा किंवा वाईट असू शकतो, पण मूळ चित्रात नसलेला बारकावा कुठल्याच सेटिंगमधून येत नाही. म्हणून तयारीचा रोख दोनच गोष्टींवर ठेवायचा: मूळ चित्र वाटेत आणखी बिघडू द्यायचं नाही, आणि ते मोठं करण्याचं काम एकदाच, एकाच यंत्राकडून करून घ्यायचं.

मग मोजपट्टी काढा आणि पडद्याची उंची मोजा. टीव्हीचे इंच कर्णावर मोजलेले असतात, इथे उंची हवी आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा वेगळा दिसतो. या हिशोबाने फुल एचडी चित्र उंचीच्या सव्वातीनपट अंतरावरून पुरेपूर दिसतं, तर ५७६ रेषांचं चित्र उंचीच्या सहापट अंतरावरून. ४८० रेषांसाठी हेच अंतर सातपटीच्या थोडं वर जातं. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणजे एसडीसाठी खुर्ची साधारण सव्वातीन मीटरवर हवी. ५५ इंचीला हेच अंतर चार मीटरच्या पुढे जातं. ‘जुन्या टीव्हीवर चांगलं दिसायचं, नव्यावर पुसट दिसतं’ ही तक्रार बऱ्याचदा इथेच सुटते. जुना टीव्ही २१ इंची होता आणि खुर्ची मात्र अजून तिथेच आहे. खोलीत मागे सरकायला जागा नसेल तर पडद्यावरचं चित्रच लहान ठेवणं हा पर्याय उरतो. त्याबद्दल पुढे.

आता केबल. सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर अजून पिवळ्या-पांढऱ्या-लाल एव्ही केबलने जोडलेला असेल तर आधी तो बदला. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून जातात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. ते कधीच पूर्ण वेगळे होत नाहीत. रंगांच्या कडेवर मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतात, बारीक रेघांच्या शर्टावर इंद्रधनुष्य उमटतं. शिवाय बॉक्समधलं डिजिटल चित्र ॲनालॉग होऊन टीव्हीत परत डिजिटल होतं, ते वेगळंच. एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटतो. एसडीसाठी महागडी केबल लागत नाही. नसेल तर हिरव्या-निळ्या-लाल तीन तारांचं कंपोनंट, तेही नसेल तर एस-व्हिडिओ, आणि पिवळी वायर सगळ्यात शेवटी.

पिवळ्या वायरीशिवाय गत्यंतर नसेल तर दोन खाचखळगे लक्षात ठेवा. अनेक टीव्हींत पिवळी वायर कंपोनंटच्या हिरव्या सॉकेटमध्येच लावायची असते आणि मेनूतून एव्ही निवडायचं असतं. कंपोनंट निवडलेलं राहिलं तर चित्र काळं-पांढरं येतं आणि माणूस टीव्ही बिघडला म्हणून बसतो. दुसरं म्हणजे ३.५ मिलिमीटरच्या छोट्या भोकातून एव्ही घेणारे टीव्ही. त्यांच्या जोडतारेत कुठल्या कड्यावर काय याचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. भलतीच तार लावली तर स्पीकरमधून गुरगुर ऐकू येते आणि चित्र येत नाही. टीव्हीसोबत आलेलीच तार वापरा.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो बॉक्सच्या मेनूला. एसडी चित्र ‘इंटरलेस्ड’ असतं, म्हणजे पूर्ण चित्र एका दमात येत नाही. आधी विषम क्रमांकाच्या २८८ रेषा येतात, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने सम क्रमांकाच्या २८८. जुनी काचेची ट्यूब हेच तंत्र जसंच्या तसं दाखवायची. आजचा पडदा मात्र सगळं चित्र एकदम दाखवतो, त्यामुळे कुणीतरी ही दोन अर्धुकं जुळवावी लागतात. स्थिर चित्रात जुळवणी सोपी असते. हलत्या चित्रात दोन अर्धुकांमध्ये वस्तू पुढे सरकलेली असते, आणि जुळवणी कच्ची असेल तर तिच्या कडांना कंगव्याचे दात फुटतात. हे दात एकदा चित्रात शिरले आणि त्यावरून चित्र मोठं केलं की पुढचं कुठलंच यंत्र ते काढू शकत नाही. म्हणून हे काम बॉक्सने करायचं की टीव्हीने, हा या तयारीतला खरा निर्णय.

बॉक्सची आउटपुट सेटिंग बहुधा १०८०आय वर असते. आकडा म्हणजे रेषा, ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड आणि ‘पी’ म्हणजे पूर्ण चित्र एकदम. एसडी वाहिनीसाठी ही निवड वाईट ठरू शकते. बॉक्स अर्धुकं जुळवतो, चित्र मोठं करतो, त्याची पुन्हा अर्धुकं करतो, आणि टीव्ही ती परत जुळवतो. फुल एचडी पडद्याला ७२०पी पाठवणंही टाळा, त्यात चित्र दोनदा ताणलं जातं. १३६६ गुणिले ७६८ चा पडदा असेल तर शेवटचं ताणणं टीव्हीतच होतं, तिथे बॉक्सने मध्ये न पडलेलंच बरं.

निर्णय चाचणीने घ्या. रेकॉर्ड केलेला किंवा डीव्हीडीवरचा असा दहा सेकंदांचा तुकडा निवडा ज्यात तिरप्या रेषा हलतात: मैदानावरच्या रेषा, झुलती दोरी, किंवा पडद्याच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी. तोच तुकडा आधी ५७६आय, मग ५७६पी, मग १०८०पी वर पाहा. चित्र थांबवून तुलना करू नका, दोष हलतानाच दिसतो. ज्या सेटिंगवर तिरप्या कडा सर्वात कमी पायरीदार आणि सरकती अक्षरं वाचनीय, ती ठेवा. बऱ्या टीव्हीत ५७६आय जिंकतं, स्वस्त टीव्ही आणि चांगला बॉक्स असेल तर १०८०पी. बॉक्समध्ये ‘नेटिव्ह’ किंवा ‘ओरिजिनल’ असा पर्याय असला तर वाहिनी जशी येते तशी पुढे जाते. मात्र एसडीवरून एचडी वाहिनीवर जाताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. ज्याला सतत वाहिन्या बदलायची सवय आहे त्याला याचा जाच होईल.

सेटिंग बदलण्याआधी मेनूत कुठली बटणं किती वेळा दाबली ते कागदावर लिहून ठेवा. काही टीव्ही एचडीएमआयवरून ५७६आय घेतच नाहीत. पडदा काळा झाला तर बरेच बॉक्स थोड्या वेळात आपोआप जुन्या सेटिंगवर येतात. जे येत नाहीत त्यांच्यासाठी तो कागद, किंवा तात्पुरती जोडलेली एव्ही केबल.

याच मेनूत टीव्हीचा आकारही विचारलेला असतो. तिथे ४:३ (रुंदी आणि उंचीचं जुन्या टीव्हीचं प्रमाण) राहिलं असेल तर रुंद चित्राच्या वर-खाली बॉक्स काळ्या पट्ट्या घालतो आणि ५७६पैकी ४३२ रेषाच चित्राला उरतात. मग टीव्हीवर झूम करून पडदा भरला की चौथा हिस्सा बारकावा गेलेला असतो, तोही मूळचाच तुटपुंजा. डीव्हीडी प्लेअर नवीन जोडताना ही सेटिंग हमखास पाहा, १६:९ करा.

आता चित्राचा आकार. जुने कार्यक्रम ४:३ आकाराचे आहेत. फुल एचडी पडद्यावर त्यांना १४४० ठिपके रुंदी मिळते आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. या पट्ट्या म्हणजे दोष नाही. पूर्ण पडदा भरण्यासाठी चित्र ताणलं तर चेहरे ३३ टक्के रुंद होतात. झूम केलं तर उंचीचा चौथा भाग कापला जातो, आणि कापली जातात ती डोकी आणि खालची अक्षरं. शिवाय चित्र मोठं होतं म्हणजे त्यातली धूसरता आणि डेटा कमी पडल्याने उमटणारे चौकोनही मोठे होतात. कडा ताणून मधला भाग तसाच ठेवणारी एक हुशार सेटिंगही असते. कॅमेरा आडवा फिरला की तिच्यात माणसं रबराची होतात. काळ्या पट्ट्या सहन करा. अंतर कमी पडत असेल तर हेच लहान चित्र कामाला येतं. फक्त ओलेड पडदा असेल तर रोज तासन् तास ४:३ पाहू नका, मधला भाग जास्त वापरला जाऊन कालांतराने पट्ट्यांची सीमा उमटू शकते.

आकार बरोबर आहे का हे पाहायला गोल वस्तू शोधा, घड्याळ, चाक, ताटली. चारही बाजूंना काळं दिसत असेल तर वाहिनीने रुंद चित्र ४:३ चौकटीत बसवून पाठवलं आहे. झूम वापरायची वेळ हीच. एचडी वाहिनी जुना कार्यक्रम दाखवते तेव्हा पट्ट्या चित्राचाच भाग म्हणून येतात, तिथे काही बदलायचं नसतं. आणि वाहिनीनेच चित्र ताणलेलं असेल तर टीव्ही ४:३ वर आणून ते परत आवळता येतं. मात्र सगळे टीव्ही एचडी सिग्नलवर हा पर्याय देत नाहीत.

टीव्हीच्या पिक्चर मेनूत पहिली गोष्ट म्हणजे ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड सोडा. तो दुकानातल्या लख्ख उजेडासाठी असतो. ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ घ्या. मग शार्पनेस. पुसट चित्र दिसलं की हात आपोआप शार्पनेस वाढवायला जातो, आणि तिथेच चित्र बिघडतं. शार्पनेस बारकावा वाढवत नाही, कडांना पांढरी किनार काढतं आणि चौकोनांच्या कडाही ठळक करतं. काही टीव्हींत तटस्थ आकडा ० असतो, काहींत ५०, म्हणून आकड्यावर जाऊ नका. बॉक्सच्या मेनूतली अक्षरं पडद्यावर आणा, त्यांच्याभोवतीची किनार नाहीशी होईपर्यंत शार्पनेस उतरवा आणि थांबा.

नॉइज रिडक्शन दोन प्रकारचं असतं. साधं नॉइज रिडक्शन कणकण घालवतं आणि ‘एमपेग’ किंवा ‘डिजिटल’ नावाचं चौकोन व अक्षरांभोवतीची गजबज पुसतं. एसडीसाठी दुसरं मध्यम, पहिलं कमीत कमी. जास्त केलं तर चेहरे मेणाचे दिसतात आणि हलत्या वस्तूमागे सावली ओढली जाते. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग एसडीसाठी बंद. पुसट चित्रात तिचा अंदाज चुकतो आणि चालणाऱ्या माणसाच्या पायांभोवती हवा थरथरते. ‘फिल्म मोड’ मात्र ऑटोवर राहू द्या, चित्रपटाची अर्धुकं कुठली कुठल्याशी जुळतात हे तो ओळखतो.

रंग विचित्र वाटत असतील तर लगेच टिंट, म्हणजे रंगछटेची सेटिंग, फिरवू नका. एसडी आणि एचडीचं रंगगणित वेगळं आहे. एसडीचं १९८२ च्या आणि एचडीचं १९९० च्या शिफारशीवर चालतं. चित्र मोठं करताना बॉक्सने ते गणित बदललं नाही तर त्वचा आणि हिरवळ किंचित भलत्या छटेची दिसते. बॉक्स ५७६आय वर नेऊन पाहा. रंग ताळ्यावर आले तर दोष बॉक्सचा.

कडांकडे नजर टाका. जुना टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड दडवायचा, म्हणून त्या काळात कडांची फिकीर कुणी केली नाही. चित्र अगदी कडेपर्यंत दाखवणारी ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ सेटिंग चालू असेल तर वर चमकणारी तुटक रेघ किंवा बाजूला बारीक काळी फट दिसते. एचडीसाठी ही सेटिंग चालूच हवी, एसडीसाठी बंद केलीत तरी चालेल. व्हीएचएस टेप पाहणार असाल तर बंदच करा. टेपच्या चित्रात अगदी तळाला फाटक्या रेषांची पट्टी असते. ती टेपचीच आहे, हेड पुसून जात नाही.

चित्र फुटतंय म्हणजे नेमकं काय, हेही आधी ठरवा. गर्दी, पाणी किंवा पावसाच्या दृश्यात सगळीकडे चौकोन येतात आणि दृश्य शांत झालं की जातात, तर वाहिनीला दिलेला डेटा कमी आहे. घरात त्यावर उपाय नाही. काही वाहिन्या आडवे ७२०ऐवजी ५४४ ठिपकेच पाठवतात, त्या कायमच मऊ दिसतात. पण शांत दृश्यातही पट्टीभर चित्र गोठतं आणि आवाज तुटतो, तर तो रिसेप्शनचा दोष. बॉक्सच्या सिग्नल पानावर स्ट्रेंग्थ नव्हे, क्वालिटी बघा आणि कनेक्टर, जोड, अँटेना तपासा. डिजिटल सिग्नल हळूहळू धूसर होत नाही. एका मर्यादेपर्यंत ठीक असतो आणि मग कोसळतो.

शेवटी आवाज. अर्धुकं जुळवायला टीव्हीला वेळ लागतो. बॉक्समधून थेट ॲम्प्लिफायरला आवाज नेला असेल तर एसडी वाहिनीवर तो ओठांच्या आधी पोचतो, एचडीवर कदाचित नाही. आवाज टीव्हीच्या ऑप्टिकल किंवा एआरसी (आवाज बाहेर देणारं एचडीएमआय) सॉकेटमधून घ्या, नाहीतर ॲम्प्लिफायरमध्ये ऑडिओ डिले २० मिलिसेकंदांच्या टप्प्याने वाढवत न्या. तपासायला टाळी किंवा दार आपटण्याचं दृश्य घ्या. मग एचडी वाहिनी लावून पाहा की इतक्या वेळात केलेल्या बदलांनी ती बिघडलेली नाही. बरेच टीव्ही प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी ठेवतात, पण एकाच इनपुटवर एसडी आणि एचडी वेगळे ठेवतीलच असं नाही. तुमचा ठेवत नसेल तर एसडीसाठी ‘सिनेमा’ आणि एचडीसाठी ‘कस्टम’ असे दोन मोड वाटून घ्या आणि कुठला कशाचा ते घरातल्यांना सांगून ठेवा.