१०-९ चा पिचर खरंच साधारण होता का? रन सपोर्ट लावून पाहा

क्रिकेटमध्ये विजय गोलंदाजाच्या खात्यात लिहीत नाहीत. बेसबॉलमध्ये पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, खात्यात विजय-पराभव लिहितात (१०-९ म्हणजे १० विजय, ९ पराभव), आणि घोळ तिथेच होतो. सुरुवात करणाऱ्या पिचरला विजय हवा तर त्याने सामन्याच्या ९ पैकी किमान ५ इनिंग टाकायच्या, तो बाहेर पडताना संघ पुढे हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. शेवटची अट तर पूर्णपणे दुसऱ्यांच्या हातात.

२०१८ मध्ये मेट्स संघाच्या जेकब डिग्रॉमचा ईआरए (९ इनिंगमागे दिलेल्या धावा, क्षेत्ररक्षणाच्या चुकांच्या वगळून; जितका कमी तितका चांगला) १.७०, रेकॉर्ड १०-९. २०१६ मध्ये रेड सॉक्स संघाच्या रिक पोर्सेलोचा ईआरए ३.१५, रेकॉर्ड २२-४.

म्हणून रन सपोर्ट, म्हणजे पिचरला त्याच्या फलंदाजांनी दिलेल्या धावा, पाहायचा. हिशेब असा करा. प्रत्येक सामन्यात तो पिचिंग करत असेपर्यंत त्याच्या संघाने काढलेल्या धावा मोजा. बेरजेला ९ ने गुणून त्याच्या एकूण इनिंगनी भागा. तक्त्यात ६.२ दिसलं तर ते ६ पूर्णांक २/३ असतं, कॅल्क्युलेटरमध्ये ६.६७ घाला. काही ठिकाणी पूर्ण सामन्याच्या धावा धरतात, ते आकडे यात मिसळू नका. तो गेल्यावर आठव्या इनिंगमध्ये आलेल्या ४ धावांचा त्याच्या विजयाला काही उपयोग नाही.

मग त्याने ९ इनिंगमागे दिलेल्या धावा काढा. इथे ईआरए नको, सगळ्या धावा धरा. क्षेत्ररक्षणाच्या चुकीने गेलेली धावही सामना हरवतेच.

आता बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं विजयाच्या अपेक्षित टक्क्याचं सूत्र: सपोर्टचा वर्ग भागिले दोन्हींच्या वर्गांची बेरीज. ३ धावा देणाऱ्याला ३ चा सपोर्ट मिळाला तर ५० टक्के, ४ चा मिळाला तर ६४, ५ चा मिळाला तर ७३.५. निकाल त्याच्या खात्यात गेलेले २४ सामने धरले तर पिचिंग तेच, पण रेकॉर्ड १२-१२ पासून साधारण १८-६ पर्यंत कुठेही. सूत्र मुळात संघांसाठीचं आहे, त्यामुळे एकदोन सामन्यांच्या फरकावर वाद घालू नका.

सरासरी मात्र फसवते. पाच सामन्यांत १२, ५, २, १, ० असा सपोर्ट म्हणजे सरासरी ४, पण तीन सामन्यांत दोन किंवा त्याहून कमी. म्हणून ०-२ धावांचे सामने वेगळे मोजा. शिवाय तो आघाडीवर असताना बाहेर पडला आणि बुलपेनने, म्हणजे नंतर आलेल्या बदली पिचरांनी, ती घालवली, असे सामनेही वेगळे काढा. त्यांचा दोष फलंदाजांच्या माथी मारायचा नाही.