भाऊबीजेच्या दुपारी कागद काढा

भाऊबीजेचं जेवण आटोपलं की बहीण-भाऊ, जावई, आई-वडील असे सगळे एका छपराखाली असतात. ती दुपार घरातल्या कागदांसाठी राखून ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मी बँकेच्या काउंटरवर नोकरी केली. नवरा गेल्यावर पिशवीत पासबुकं घालून आलेल्या बायका रोज समोर बसायच्या. पैसे होते, पण कुठे ते माहीत नाही; किंवा माहीत आहे, पण हातात येत नाहीत.

आधी कपाट रिकामं करा. पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावचा सातबारा, पीएफचा यूएएन (म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक), लॉकरची किल्ली, सगळं सतरंजीवर मांडा. एक जाड वही घ्या आणि प्रत्येक गोष्टीला एक पान द्या: शाखा कोणती, क्रमांक काय, नॉमिनी (म्हणजे खातेदार गेल्यावर पैसे ज्याच्या हाती द्यायचे ती व्यक्ती) कोण. पिन आणि पासवर्ड मात्र वहीत नकोत.

मग नावं तपासा, आणि इथे घाई करू नका. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नावही लिहितात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि नवऱ्याने नॉमिनीच्या रकान्यात लिहिलेलं घरात हाक मारायचं तिसरंच. बाई एक, पण कागदावर तिघी. नवरा हयात असताना हे नवा फॉर्म भरून एका सहीत सुधारतं. तो गेल्यावर त्याच कामाला प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि कितीतरी हेलपाटे लागतात, तेही दुःखाच्या दिवसांत. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर आता काढून घ्या. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. पुरुषांचीही नावं पाहा. एका पावतीवर नुसतं नाव आणि दुसरीवर त्यालाच 'राव' जोडलेलं, असं फार असतं.

नॉमिनी कोण, हेही आताच विचारा. वारलेल्या आईचं नाव वीस वर्षं तसंच राहिलेलं मी पाहिलं आहे. पीएफमध्ये तर लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्दच समजलं जातं, ते नव्याने करावं लागतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, त्यांचे हिस्सेही ठरवता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते. हक्क ठरतो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. सोसायटीतही तेच. आयुर्विम्यात पती-पत्नी, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम सहसा त्यांचीच होते. बाकी सगळ्यासाठी मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार हवेत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. हा विषय काढला की आई 'अभद्र बोलू नकोस' म्हणेल. तिला समजावून सांगा, पण विषय सोडू नका.

पासबुकातल्या मे-जूनच्या नोंदी बारकाईने वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना, २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा. पहिल्यात मृत्यूनंतर २ लाख मिळतात, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. दावा कोणी केलाच नाही तर ते तसेच राहतात, म्हणून या दोन ओळी वहीत ठळक लिहा.

आजोबांचं जुन्या गावातलं एखादं खातं आठवत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव घालून शोधा. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारसांचा हक्क जात नाही.

दवाखान्याचे कागद, म्हणजे आरोग्य विम्याचं कार्ड, आधार आणि रेशनकार्ड, वेगळ्या पाकिटात ठेवा आणि त्यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री दोन वाजता कपाट उघडायला वेळ नसतो.

दिवाळीची सुट्टी संपून बँक उघडली की ज्या व्यक्तीने आजवर बँकेत पाऊल टाकलं नाही, तिच्या हातात वही द्या. बरोबर जा, पण काउंटरवर तिलाच बोलू द्या. पासबुक तिने भरून घ्यावं, नॉमिनीची पोच तिने मागून घ्यावी.