सरांच्या कपाटातले वाळलेल्या वनस्पतींचे गठ्ठे कसे मार्गी लावायचे

रिटायर झालेल्या सरांचे पेपरात दाबलेले नमुने हाती आले की आधी गठ्ठा सोडूच नका, अख्खा प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरला उणे २० अंशाला किमान आठवडाभर ठेवा, किडे-अळ्या मरतात, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पाणी धरतं अन् बुरशी लागते. जुन्या शीटला (नमुना चिकटवलेल्या कागदाला) किडीसाठी मर्क्युरिक क्लोराईड लावलेलं असू शकतं, विषारी आहे ते, ग्लोव्हज-मास्क घालाच.

सगळ्यात जास्त डोकं लागतं गावांना. नमुन्यासोबतच्या सरांच्या चिठ्ठीवर 'औंढा, जि. परभणी' असलं तर खोडून हिंगोली करू नका! हिंगोली जिल्हा १९९९ ला झाला, लातूर १९८२, जालना १९८१, म्हणजे सरांनी लिहिलं ते त्या काळी बरोबरच होतं. मूळ शब्द जसेच्या तसे ठेवा, आजचा जिल्हा कंसात टाका. चिठ्ठीवर तारीखच नसली तर पेपरची तारीख बघा, पण लेबलवर अंदाज म्हणूनच लिहा. नमुन्याचा नंबर सरांच्या फील्ड डायरीशी (नमुने गोळा करतानाच्या वहीशी) जुळवा, जुळला नाही तर नमुना बाजूला, अंदाजपंचे जोडायचा नाही.

माउंटिंग, म्हणजे नमुना कागदावर पक्का बसवणं, सोपंय. साधारण २९ बाय ४२ सेंमीचा ॲसिड-फ्री जाड कागद घ्या, एखाद्या पानाची मागची बाजू दिसू द्या, जाड काड्या दोऱ्यानं शिवा, गळालेल्या बिया छोट्या पाकिटात, लेबल खाली उजवीकडे, आणि सरांच्या हातची चिठ्ठी त्याच शीटवर, ती फेकायची नाही म्हणजे नाही. हे सगळं एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उरका, पावसाळ्यात कागद दमट होतात.