मॉरिशसच्या शाळेसोबत गणपतीचा प्रकल्प कसा आखाल?

मॉरिशसमधल्या शाळांमध्ये मराठी शिकवली जाते, त्यामुळे जोडी जुळवायला सोपी. पण एक लक्षात ठेवा: तिथल्या बहुतेक मुलांची घरची बोली क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली भाषा) असते, मराठी हा शिकलेला विषय. आपली मुलं धडाधड बोलू लागली की समोरची गप्प होतात.

आधी तारखा. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, पण ती बहुधा आपल्या दुसऱ्या दिवशी येते. 2024 मध्ये आपल्याकडे चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, तिकडे सुट्टी 8 तारखेला. आपलं कॅलेंडर बघून कॉल ठरवला तर समोरच्या शाळेला कुलूप! त्यांची सुट्ट्यांची यादी मागवा. त्यांचं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणून इयत्तेवर न जाता वय जुळवा. वेळ आपल्या दीड तास मागे. आपले साडेअकरा म्हणजे त्यांचे दहा.

सणाच्या सहा आठवडे आधी सुरुवात करा. पहिला आठवडा पालकांच्या लेखी संमतीचा. मुलांचे मोबाइल नंबर एकमेकांना देऊ नका. सगळं शिक्षकांच्या ईमेलवरून.

मग वीस मुलांचे पाच गट. प्रत्येक गटाने दोन मिनिटांचा एकच व्हिडिओ करायचा, तोही एकाच कामाचा: मोदकाची कळी पाडणं, मखराचा सांगाडा बांधणं. ‘आमचा गणेशोत्सव’ असा विषय दिलात की सगळे गट तोच निबंध वाचून दाखवतात. त्यांच्याकडून झकरीचा, म्हणजे तिथल्या मराठी लोकांच्या गाण्या-नाचाचा, व्हिडिओ मागवा आणि कोकणातल्या जाखडीशेजारी ठेवून बघा. तिथल्या मराठी लोकांचे पूर्वज कोकणातून गेले, ते इथे कानाला कळतं.

भाषेसाठी पंधरा शब्दांची कार्डं पुरेत, प्रत्येकासोबत मुलाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. नुसत्या रोमन स्पेलिंगवर उच्चार घसरतात. क्रिओलमधल्या ‘बोंझूर’चा झ ‘माझं’मधल्या झ सारखा, हे एकदा ऐकवलं की मुलं पटकन उचलतात. ‘मो आपेल’ म्हणजे ‘माझं नाव’. उलट ‘ळ’ त्यांना जड जाणार. ‘टिळा’, ‘नारळ’ सावकाश म्हणून पाठवा. हसणं मात्र चालणार नाही, हे वर्गात आधीच सांगा.

कॉल चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका. प्रश्न दोन दिवस आधी पाठवा आणि नेट गेलं तर दाखवायला व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवून ठेवा.