आजी, तीन पोरं आणि कोटाची बाही: हिवाळ्यातली संग्रहालयं

आमची वरात आठ जणांची असते. सासूबाई (वय 78), भावोजी, धाकटी जाऊ, मी, नवरा आणि तीन पोरं. माझा मुलगा 9 वर्षांचा, नणंदेची लेक 6 वर्षांची आणि धाकट्या जावेचा तो 3 वर्षांचा भोवरा. गेली काही वर्षं हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही असेच निघतो आणि कुठंही गेलो तरी दोन-तीन संग्रहालयं पाहतोच. बाहेर कडाक्याची थंडी असताना आत उबदार असतं, छप्पर असतं आणि स्वच्छतागृह असतं, हे त्यामागचं खरं कारण. कलाप्रेम वगैरे नंतर येतं.

पहिल्या वर्षी मी यादी केली होती: चार दिवस, सहा संग्रहालयं, प्रत्येकाला तीन तास. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई एका बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा, मला जाताना घेऊन जा." धाकटा त्याच बाकाखाली आडवा पडून रडत होता. यादी मी तिथंच फाडली. तेव्हापासून एका दिवशी एकच संग्रहालय, त्यातली दोन किंवा तीन दालनं आणि दोन तासांत बाहेर. दालनं निवडण्याआधी नकाशात बाक, लिफ्ट आणि स्वच्छतागृह शोधायचं. मोठ्या संग्रहालयांचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर असतात आणि त्यावर या खुणा असतात.

थकवा हा काही आपल्या घरच्या माणसांचा नाजूकपणा नव्हे. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी 1916 मध्ये याच विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला काचपेट्यांतल्या वस्तू नीट पाहायला सांगितलं आणि त्याचे फोटो काढले. कुठं कमरेत वाकलेला, कुठं उकिडवा, कुठं मान तिरकी करून पाटी वाचणारा. पेट्यांची मांडणीच माणसाला दमवते, हे त्यांना दाखवायचं होतं. मोकळ्या रस्त्यावर तासभर चालणं त्या मानानं सोपं, कारण तिथं पाय लयीत पडतात. इथं दोन पावलं टाकायची, थांबायचं, वाकायचं, पुन्हा दोन पावलं. साठीनंतरच्या गुडघ्यांना विचारा.

वार आधी पाहा

सुट्टीचा वार जागोजागी वेगळा असतो. पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून आपण सगळीकडे तेच धरून चालतो आणि फसतो. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, तर नदीपलीकडचं ओर्से सोमवारी. हैदराबादच्या सालारजंगला शुक्रवारी सुट्टी. वॉशिंग्टनमधली स्मिथसोनियन या संस्थेची बहुतेक संग्रहालयं वर्षभर उघडी असतात आणि बंद राहतात ती नेमकी 25 डिसेंबरला, म्हणजे ऐन सुट्टीत. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात वेळा बदललेल्या असतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा पाहून घ्या. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेआधीच थांबतो हेही लक्षात ठेवा. आणि ज्या एका वस्तूसाठी चालला आहात ते दालन उघडं आहे ना, हे विचारून घ्या. दुरुस्तीसाठी दालनं बंद असतात आणि ते दारात गेल्यावर कळतं.

आम्ही दार उघडायच्या वेळीच पोहोचतो. पोरं ताजी असतात, गर्दी नसते. हिवाळ्यात दिवस लहान, त्यामुळे दुपारचं जे काही ऊन मिळतं ते बागेत पळण्यासाठी राखून ठेवायचं. उलटं करून पाहिलंय: सकाळी बाग, दुपारी संग्रहालय. ओल्या बुटांची, झोपेला आलेली तीन पोरं घेऊन शांत दालनात शिरण्यापेक्षा न गेलेलं बरं.

आदल्या रात्रीचा खेळ

तीन वस्तू निवडायच्या. एक पोरांनी, एक आजीनं, एक उरलेल्या मोठ्यांनी भांडून. त्यांचे फोटो फोनवर दाखवायचे आणि मग त्यांचं माप घरात घालायचं. आमच्याकडे हे फार रंगतं.

लूव्रमधली मोनालिसा बघायची असेल तर टेप घ्या आणि कागदावर 77 बाय 53 सेंटिमीटरची चौकट आखा. एवढंच? हो, एवढंच. हे आधी कळलेलं बरं, कारण तिथं गर्दीच्या मागून तेवढंही दिसत नाही आणि पोरांचा मोठाच भ्रमनिरास होतो. मोहेंजोदडोची ती कमरेवर हात ठेवून उभी असलेली नर्तकी तर 10.5 सेंटिमीटरची आहे. पेन्सिलीच्या डब्यातून नवी पेन्सिल काढली तर ती हिच्यापेक्षा उंच निघते. याउलट लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात 2017 पासून टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा 25.2 मीटरचा. पंधरा मोठी माणसं हात पसरून ओळीनं उभी करा, तरी शेपूट थोडं उरेल. आमच्या खोलीत सासूबाई धरून पाचच मोठे. त्यामुळे आम्ही तिघांनी पुढं पळत जाऊन पुन्हा पुन्हा हात पसरले, जिन्यापर्यंत गेलो, आणि भाची म्हणाली, "मामी, मासा खोलीत मावतच नाहीये!"

काही संग्रहालयांत वेळेवर घडणारी एखादी गोष्ट असते, ती जरूर निवडा. सालारजंगमधलं घड्याळ त्यातलंच. दर तासाला एक चिमुकला पुतळा दारातून बाहेर येऊन ठोके देतो आणि ते बघायला लोक समोर बसून राहतात. बसून! आजीला असं दालन सापडलं की तिची निवड संपलीच म्हणून समजा.

कोट, टोप्या आणि चष्मा

कपडे थरांचे घाला, कारण आत तापमान वेगळंच असतं. एकच जाडजूड स्वेटर घातलेलं मूल दहा मिनिटांत घामाघूम होतं आणि किरकिरतं. आत सुती, वर पातळ लोकरीचं, त्यावर कोट. कोट आणि मोठ्या पिशव्या क्लोकरूममध्ये द्यायच्या. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या तसंही आत नेऊ देत नाहीत, कारण वळताना त्या काचपेटीवर आदळतात.

आता बाहीची गोष्ट. आठ कोट म्हणजे आठ कानटोप्या, सोळा हातमोजे आणि मफलरांचा गुंता. खिशात कोंबलेले हातमोजे कोट टांगताना पडतात. म्हणून आधी मफलर घ्या आणि त्याचं एक टोक डाव्या बाहीच्या मनगटाशी येईल असा आत सरकवा. मग दोन्ही हातमोजे एकात एक घालून कानटोपीत आणि कानटोपी त्याच बाहीत खांद्याकडून, घट्ट बसेपर्यंत. कोट उचलला तर बाही आत हात असल्यासारखी जाड दिसायला हवी. निघताना टोक ओढलं की सगळं रांगेत बाहेर येतं. ही युक्ती धाकट्या जावेची, मी फक्त सांगतेय. कोट दिल्याचा बिल्ला मिळाला की त्याचा फोटो काढा. एकदा आमचा बिल्ला धाकट्यानं कुठल्याशा कुंडीत "पेरला" होता आणि आठ कोटांची वर्णनं देत आम्ही खिडकीशी उभे होतो.

कोट देण्याआधी आजीची औषधं, पोरांचे रुमाल आणि पाण्याची बाटली काढून घ्या. पाणी दालनात पिता येत नाही, पण बाहेरच्या जागेत येतं.

दारातून आत शिरताना चष्मेवाल्यांनी बाजूला थांबायचं. थंडगार काचेला आतल्या उबदार, दमट हवेची वाफ धरते आणि क्षणात समोर पांढरं धुकं. सासूबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्या तशाच पुढं गेल्या आणि एका उंच गृहस्थाला भावोजी समजून त्यांचा हात धरून चार पावलं चालल्या. आता आम्ही दाराशी भिंतीला टेकून मिनिटभर उभे राहतो, काचा आपोआप निवळतात. तेवढ्यात बुटांचे तळवे पायपुसण्यावर नीट घासून घ्यायचे. ओला बूट आणि गुळगुळीत फरशी हे समीकरण म्हाताऱ्या माणसाला महागात पडतं.

चाकांची खुर्ची

व्हीलचेअर बहुतेक मोठ्या संग्रहालयांत मिळते, पण मोजक्या असतात, म्हणून आधी विचारून ठेवावी. अडचण खुर्ची मिळण्याची नसते, तीत आजी बसण्याची असते. "मला काय झालंय?" हा प्रश्न ठरलेला. वाद घालू नका. आम्ही खुर्ची घेतो आणि म्हणतो, "आई, पिशव्या ठेवायला घेतलीय." पिशव्या ठेवतो, ढकलतो. पाऊण तासानं सासूबाई स्वतःच पिशव्या उचलून मांडीवर घेतात आणि खुर्चीत बसतात. कुणी काही बोलायचं नाही. माझा नवरा एकदा बोलला, तर त्या उठल्या. काही ठिकाणी घडीची हलकी स्टुलं उसनी मिळतात, तीही चालतात.

कागद, कापड आणि जलरंगांच्या दालनांत उजेड मुद्दाम मंद ठेवतात, साधारण 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक). बाहेर स्वच्छ उन्हात हाच आकडा दहा हजारांच्या कितीतरी वर असतो. उजेडानं रंग उडतात, ते परत येत नाहीत, आणि आजचा उजेड कालच्यात मिळत जातो. पोरांना हे सांगितलं की फ्लॅश का नको ते कळतं. वयस्कर डोळ्यांना मात्र अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून दाराशी थांबा आणि हात धरा. पाट्या वाचायचं काम मी मुलाला दिलंय. तो आजीला मोठ्यानं वाचून दाखवतो, अडला की आजी अर्थ लावते, आणि दोघांनाही वाटतं की आपण दुसऱ्याला सांभाळतोय.

पांगा, पण ठरवून

सगळ्यांनी बरोबर राहायचा आग्रह सोडा. भावोजी प्रत्येक पाटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, तर धाकटी जाऊ वीस मिनिटांत दुकानात पोहोचलेली असते. दोघांनाही त्यांच्या गतीनं जाऊ द्या. फक्त भेटीची जागा नकाशावर बोट ठेवून ठरवा, मजल्यासकट. "घोड्याजवळ भेटू" असं म्हणू नका. आम्ही म्हटलं होतं. भावोजी चिलखत घातलेल्या घोड्याजवळ उभे होते, आम्ही वरच्या मजल्यावर दगडी घोड्याजवळ. जाड भिंतींत फोन लागेना. अर्धा तास दोन्ही घोड्यांशी राग वाढत गेला.

दुकानातून सुरुवात करणं वाईट नाही. तिथं वस्तूंची चित्रं असलेली पोस्टकार्डं असतात. प्रत्येक पोराला एक द्यायचं आणि ती वस्तू शोधायला लावायची. दालनातून जाताना "अजून किती?" हा प्रश्नच येत नाही.

हातांचं काय करायचं, हा मोठा प्रश्न. बोटांवरचा घाम आणि तेलकटपणा धातूवर डाग पाडतो, दगडही काळवंडतो, हे सहा वर्षांच्या पोरीला पटतं. तीन वर्षांच्याला पटत नाही. त्याच्या एका हातात पेन्सिल द्या, दुसऱ्यात छोटी वही. पेन नको, शाई उडते म्हणून पुष्कळ दालनांत चालत नाही. तो नुसते गोल काढतो. काढू द्या. आणि सहलीतला एक दिवस हात लावायची मुभा असलेल्या ठिकाणी घालवा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 1899 मध्येच खास मुलांचं संग्रहालय निघालं होतं, आणि सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम 1969 पासून मुलांना विज्ञानाशी खेळू देतंय. आता अशी दालनं खूप ठिकाणी असतात. आम्ही तो दिवस मधे घालतो, म्हणजे पोरं आदल्या दिवशी निमूट राहतात.

ममी दाखवायची तर आधी सांगून दाखवा. ऐनवेळी समोर आली की कुणी घाबरतं, कुणी मोठ्यानं नको ते विचारतं. भाचीनं काचेशी नाक लावून विचारलं, "हा खराच माणूस आहे?" मी शब्द जुळवत होते, तोवर खुर्चीतून आजी म्हणाल्या, "हो, कुणाचे तरी आजोबा." भाचीनं काचेवरचं नाक काढलं आणि आपल्या श्वासाची वाफ बाहीनं पुसून टाकली.

उशिरा आत गेलात तर निघायचं ते बंद होण्याच्या घंटेआधी अर्धा तास, नाहीतर क्लोकरूमची रांग दालनापर्यंत येते. कपडे चढवायचा क्रम आमचा ठरलेला आहे: आधी मोठे, मग आजी, मग दोन थोरली पोरं आणि सगळ्यांत शेवटी, अगदी दाराशी, धाकटा. त्याला आधी गुंडाळलं तर बाकीच्यांची बटणं लागेपर्यंत तो उकडून लालबुंद होतो आणि हातमोजे काढून फेकतो. मग आठ जण फरशीवर वाकून एक हातमोजा शोधत बसतात.