जुना लॅपटॉप घेताय? दुकानात एक तास द्या, मंग पैसे द्या

कापसाचा चुकारा हातात आला की गावातले दोन-तीन जण तरी विचारतात, भाऊ, पोरीले लॅपटॉप घ्याचा हाय, पंधरा-वीस हजारात भेटन का? भेटते, पण जुना. नवा घ्यायला गेलात तं त्या पैशात बहुतेक वेळा सेलेरॉन म्हणजे इंटेलच्या हलक्या प्रोसेसरवालाच हाती येतो, चार जीबी रॅम बोर्डालाच चिकटवलेली, उद्या वाढवतो म्हटलं तरी वाढत नाही, आणि दोन टॅब उघडले की पोरगी स्क्रीनकडे पाहत बसते. त्याच पैशात कंपन्यांमधून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप घेतला तं तो याच्यापेक्षा कितीतरी चांगला चालतो. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरतात आणि लॉटच्या लॉट काढून टाकतात, तोच माल साफसूफ करून नागपूर-अमरावतीच्या दुकानात येतो. लेनोवो थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५, ही नावं लिहून ठेवा. तिन्ही २०१८ चे मॉडेल, रॅम आणि एसएसडी (हार्डडिस्कच्या जागेवर येणारी वेगवान डिस्क) दोन्ही बदलता येतात, आणि कीबोर्ड मजबूत. पोरीला शासनाची टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तं कीबोर्डचं महत्त्व ३० स्पीडची प्रॅक्टिस सुरू झाली की समजतं.

आता सगळ्यात जास्त फसवणूक कुठं होते ते सांगतो. दुकानदार म्हणतो प्रोसेसर इंटेलचा आय५ आहे, आय७ आहे, आणि आपण खूश. पण आय७ तिसऱ्या जनरेशनचा, म्हणजे पिढीचा, असला तं तो २०१२ चा माल आहे. पुढचा आकडा पाहायचा. आय५-७२००यू म्हणजे सातवी जनरेशन, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आणि आय५-१०३१०यू असं पाच आकडी आणि सुरुवातीला १० असलं तं दहावी. सातवी आणि आठवी जवळजवळ वाटतात पण ७२००यू मध्ये दोनच कोर (काम करणारे भाग) आहेत आणि ८२५०यू मध्ये चार, चालवून पाहिला की फरक लगेच कळतो. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर लागतो. म्हणून सहावी-सातवीचा माल आता स्वस्तात काढून रायले, त्यात जुगाड करून विंडोज ११ टाकून देतात, ते चालतंही, पण मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही आणि पुढं मोठा अपडेट अडकला तं आपण तालुक्याला चकरा मारायच्या. दुकानातच पीसी हेल्थ चेक नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकटचं ॲप टाकून पाहा, विंडोज ११ ला चालतो का ते लगेच सांगतं. एएमडीचा असेल तं रायझेन ३००० सीरिज किंवा त्याच्या पुढचा घ्या. रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबी, याच्या खाली नको. हार्डडिस्कवाला कोणी फुकट दिला तरी आधी एसएसडी टाका, मंगच वापरा.

लॉकची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून ती मी जरा लांबवतो. माझ्या भाच्यानं मागच्या साली एक लॅपटॉप आणला, दिसायला नवा, दोन महिने झकास चालला. मंग विंडोज बिघडलं, आम्ही रिसेट मारला, आणि वायफाय जोडल्याबरोबर स्क्रीनवर कोण्या कंपनीचं नाव आलं आणि ऑफिसचा ईमेल मागायला लागलं. म्हणजे त्या कंपनीनं लॅपटॉप विकला पण आपल्या यादीतून काढलाच नाही. दुकानदार म्हणे तुम्ही चेक करून नेला होता. दोन वेळा एसटीनं जाऊन आलो, दोन दिवसाची मजुरी बुडाली, काही झालं नाही. शेवटी त्याच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं, चालते आता, पण त्याच्या टायपिंग क्लासचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. पोट्ट्याचा चेहरा पाहवत नव्हता हो. म्हणून पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला म्हणा की माझ्यासमोर रिसेट कर, आणि सेटअपच्या वेळी आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडा. वेळ लागते, बसा, चहा प्या. कंपनीचं नाव आलं की उठून या. तसंच लॅपटॉप चालू होताना डेलला एफ२, एचपीला एफ१०, थिंकपॅडला एफ१ दाबून बायोसमधी (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमधी) जा, तिथं पासवर्ड मागितला तरी घ्यायचा नाही.

बॅटरी. आपल्याकडं लाइनचा भरवसा नाही, डीपी जळाली तं दोन-दोन दिवस अंधार, म्हणून ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा आपल्याला जास्त पाहावी लागते. कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी टाइप करा, एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला लागूनच बॅटरीरिपोर्ट (इंग्रजीत powercfg /batteryreport), एंटर. एक फाईल बनते आणि ती कुठं बनली ते तिथंच लिहून येतं. त्यात डिझाइन कॅपॅसिटी आणि फुल चार्ज कॅपॅसिटी असे दोन आकडे आहेत. पहिला ४८,००० आणि दुसरा ३१,००० असेल तं बॅटरी ६५ टक्के उरली, चालून जाईल. अर्ध्यावर आली असेल तं नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा, लाजू नका. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आतमधी आणि एक मागून हातानं निघणारी, रिपोर्टमधी दोन्हीचे आकडे पाहा. आणि लॅपटॉप सपाट काचेवर ठेवा, डुगडुगला किंवा टचपॅड वर उचललेला दिसला तं बॅटरी फुगली आहे, तो घरात आणायचाच नाही.

बाकी पटापट पाहून घ्या. नोटपॅड उघडून एक-एक बटण दाबा. स्क्रीन पूर्ण पांढरी करून डाग पाहा, १३६६ बाय ७६८ वाली स्क्रीन टाळा, १९२० बाय १०८० ची घ्या, डोळ्याला बरं पडतं. झाकण चार-पाच वेळा उघड-बंद करा, बिजागिरी करकरली तं नको. सगळ्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावा, कॅमेरा, माइक, आवाज. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाकून एसएसडीची हेल्थ पाहा.

पंखा मात्र घाईत पाहू नका. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, घर टिनाचं असलं तं आतमधी काय होते ते तुम्हाला माहीत आहे. दुकानात वीस मिनिटं यूट्यूबचा मोठा व्हिडिओ लावून ठेवा, खालून हात लावा, पंखा घरघर करत असेल तं म्हणा साफ करून नवी थर्मल पेस्ट लावून दे. घरी आल्यावर गादीवर ठेवून चालवायचा नाही, खालची जाळी बंद होते. कुलरच्या तोंडासमोर पण नको, दमट हवा आतमधी जाते. चार्जर तीन पिनचाच घ्या, घरात अर्थिंग नसलं तं धातूच्या बॉडीवर हात ठेवला की झिणझिण्या येतात, वायरमनला बोलावून आधी ते करून घ्या.

बिल जीएसटीचं पाहिजे आणि त्यावर सिरीयल नंबर लिहिलेला पाहिजे, तो लॅपटॉपच्या खाली आणि बायोसमधी आहे त्याच्याशी जुळवा. बिल नाही म्हणजे माल कुठला, कोणाचा, चोरीचा का, काहीच सांगता येत नाही, मग दोन हजार कमी होऊन रायले तरी नको. वॉरंटी तोंडी नाही, बिलावर लिहून घ्या, त्यात बॅटरी आणि चार्जर येते का ते वेगळं विचारा. बदलून द्यायचे दिवस किती ते पण लिहून घ्या, आणि घरी आणला की कपाटात ठेवू नका, तेवढे दिवस पोरीला रोज चार-चार तास चालवू द्या, काही निघायचं असेल तं त्यातच निघते.